धुराने फुंकलेली चूल

ज्या घरांत एके काळी लाकडाची चूल पेटत असे, त्या घरांतील मंडळींना फुंकणीची ओळख करून द्यावयास नको. ओले सरपण, घरभर कोंडलेला धूर, आणि चुलीपुढे वाकून, गाल फुगवून फुंकणारी गृहिणी, हे चित्र आमच्या वयाच्या लोकांच्या डोळ्यांपुढून सहसा हलावयाचे नाही. अशा वेळी चुलीत लाकूड पुष्कळ असते, विस्तवही असतो. उणीव असते ती केवळ वाऱ्याची. चार फुंकरा बरोबर बसल्या की तोच धुमसणारा विस्तव भडकून उठतो आणि धूर पाहता पाहता नाहीसा होतो.

आता वाचकांनी क्षणभर अशी कल्पना करावी की, चुलीतून जो धूर फुकट वर जाऊन माळवद काळे करतो, त्याच्या वाटेत एक लहानसे चक्र बसविले आहे. धुराच्या वेगाने ते गरगर फिरते आहे. आणि त्याच्याच आसाच्या दुसऱ्या टोकास लाविलेला पंखा चुलीला वारा घालीत आहे. चूल जितकी पेटेल तितका धूर जोरात, धूर जितका जोरात तितका वारा अधिक, आणि वारा जितका अधिक तितकी चूल आणखी पेटेल. फुंकणारी मात्र मोकळी! आमच्या पुतण्याने आपल्या आजीस टर्बोचार्जर म्हणजे काय हे या शब्दांत समजावून दिले, तेव्हा आमच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, "साठ वर्षं चूल फुंकली मी. तेव्हा कुठं होतास रे?"

हा पुतण्या, आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा, व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. गेल्या रजेत तो आमच्या गावी, म्हणजे अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे, पंधरा दिवस राहून गेला. (२०२३ सालापासून हे गाव महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी झाले आहे, परंतु तो विषय वृत्तपत्रांचा, आमच्या सदराचा नव्हे.) त्या पंधरा दिवसांत त्याच्याकडून जे ऐकिले ते वाचकांपुढे ठेवावे असे आमच्या मनात आहे. यंत्रविद्येचे शिक्षण आम्हांस नाही. शाळेत आम्ही संस्कृत शिकविले; त्यामुळे समजण्यास आम्हांस जरा वेळ लागला आणि प्रश्न फार विचारावे लागले, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रारंभ झाला तो शेतातील विहिरीवर. तेथे एक जुने तेल-इंजिन आहे. पाच अश्वशक्तीचे, मिनिटास पंधराशे फेरे करणारे, असली इंजिने मराठवाड्यातील विहिरींवर एके काळी घरोघर होती. पैठणच्या नाथसागराचे पाणी डाव्या कालव्याने आमच्या भागात येण्यापूर्वी, आणि वीज बेभरवशाची असता, उसाला आणि मोसंबीला याच इंजिनांनी जगविले. बहात्तरच्या दुष्काळात, आम्ही दहा-बारा वर्षांचे असू, दूरवरून येणारा त्यांचा 'फट् फट्' आवाज ऐकला म्हणजे कोणाच्या तरी विहिरीला अजून पाणी आहे असे समजावे. आमचे इंजिन हल्ली वीज गेली म्हणजेच चालते, आणि अलीकडे तर ते चालू केले की काळ्या धुराचा लोट उठे. मिस्त्रीने तेलाचा पंप बदलावा असे सांगितले होते, आणि तो खर्च आम्ही या महिन्यावरून त्या महिन्यावर ढकलीत होतो. पुतण्याने पंपास हातही लाविला नाही. त्याने हवा आत घेण्याच्या तोंडावरील गाळणीचे झाकण उघडले. आत धूळ आणि कापसाचे तंतू यांचा असा थर बसला होता की, जणू कोणी उशीच भरून ठेविली आहे! ती गाळणी त्याने रॉकेलने धुतली, वाळविली, तिच्यातील तेल बदलले, आणि इंजिन सुरू केले. काळा लोट नाहीसा झाला. "काका," तो म्हणाला, "इंजिन उपाशी नव्हतं. गुदमरलं होतं."

या एका वाक्यात आमच्या पुढील सर्व संभाषणाचे बीज होते. इंजिन तेलावर चालते असे आपण सर्वजण म्हणतो. पण हा व्यवहार निम्माच सांगितल्यासारखा आहे. एक किलो डिझेल पुरतेपणी जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. साडेचौदा किलो हवा म्हणजे सुमारे बारा घनमीटर. एखादे लहानसे देवघर जमिनीपासून आढ्यापर्यंत हवेने भरलेले असावे तेवढी. तेल द्रव असल्यामुळे वाटेल तितके आत ढकलता येते, त्यास जागा किती लागणार? हवा मात्र विरळ. तिला जागा फार लागते. तेव्हा इंजिनाची शक्ती तेलाच्या टाकीवर अवलंबून नसून त्याच्या छातीवर, म्हणजे एका श्वासात ते किती हवा घेऊ शकते यावर अवलंबून आहे. श्वासापेक्षा अधिक तेल दिले तर शक्ती वाढत नाही, धूर वाढतो.

शेतातल्या इंजिनाच्या एका आवर्तनाचे चार भाग आहेत. दट्ट्या खाली जातो व हवा आत ओढतो. मग वर येऊन ती कोंडतो व दाबतो, इतकी की ती तापून लाल लोखंडासारखी दाहक होते. त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा उडताच ते आपोआप पेट घेते आणि दट्ट्यास खाली लोटते. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येऊन जळलेला वायू बाहेर टाकतो. हे ऐकताच आमच्या तोंडून सहज निघाले की, हा तर पूरक, कुंभक आणि रेचक यांचा क्रम झाला! पुतण्यास ही तुलना आवडली. पण येथे एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवितो. आमच्या पूर्वजांना ही यंत्रे ठाऊक होती असा अर्थ यावरून कोणी काढू नये. त्यांना श्वास ठाऊक होता. त्याचा मान तेवढा पुष्कळ आहे. त्यावर खोटे दागिने चढविण्याचे कारण नाही.

बरे, श्वास वाढवावा कसा? छाती मोठी करावी, म्हणजे सिलिंडर मोठा करावा. पण मग यंत्र जड होत जाते. किंवा श्वास भराभर घ्यावा, म्हणजे फेरे वाढवावे. पण मग झीज वाढते. तिसरा उपाय, हवा बाहेरच दाबून घट्ट करावी व ती आत कोंबावी. हा उपाय डीझेल इंजिनाच्या जन्मापासून लोकांस सुचलेला होता. अडचण एवढीच की, हवा दाबणारे यंत्र चालवावयाचे कोणी? ते इंजिनाच्याच दांड्यावर लाविले तर मिळविलेल्या शक्तीचा बराच भाग त्यातच खर्ची पडतो. घरातील कर्त्या पुरुषाने पगार आणावा आणि तो आणण्याच्या जाण्यायेण्यातच संपावा, तसला हा प्रकार.

येथे आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची गोष्ट सांगितली पाहिजे. रुडॉल्फ डीझेल याच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे अधिकृत परीक्षा झाली, तेव्हा तेलातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे कार्य झाले असे आढळले. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांच्या मानाने ही मजल फार मोठी होती, आणि सर्वत्र जयजयकार झाला. पण शंभरातील सव्वीस कामास आले, तर उरलेले चौऱ्याहत्तर गेले कोठे? काही सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पाण्यात गेले, आणि पुष्कळसे धुराड्यातून आकाशात गेले. जो वायू बाहेर पडत होता तो काही मेलेला नव्हता. तो शेकडो अंश तापलेला व वेगवान होता. ब्यूखीने त्या वायूच्या वाटेत चक्र बसविण्याची कल्पना काढली आणि १६ नोव्हेंबर १९०५ रोजी तिचे पेटंट नोंदविले. तेव्हा त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते.

पुढची वीस वर्षे ही कल्पना कागदावर आणि प्रयोगशाळेतच राहिली. एवढ्या उष्णतेत वितळणार नाहीत आणि एवढ्या वेगात तुटणार नाहीत अशी पाती करावयास योग्य धातू हवा, चक्राचा तोल रेसभरही ढळता कामा नये, आणि आसाचे आधार तर त्याहून नाजूक. अखेर १९२० च्या दशकाच्या मध्यास यश आले. 'प्रॉयसन' आणि 'हान्सेस्टाट डान्त्सिख' या दोन जर्मन उतारू जहाजांवरील इंजिने मूळ १७५० अश्वशक्तीची होती. ब्यूखीच्या युक्तीने तीच इंजिने २५०० अश्वशक्ती देऊ लागली. यंत्र तेच, सिलिंडर तेवढेच. वाढला तो श्वास. सव्वीस वर्षांच्या तरुणाला सुचलेली गोष्ट त्याच्या पंचेचाळिशीच्या पुढे खरी ठरली. आमच्या शाळेत प्रयोग एकदा फसला की वही मिटून टाकणारी मुले पुष्कळ पाहिली, म्हणून हा तपशील आम्ही जरा लांबविला. वाचकांनी क्षमा करावी.

टर्बोचार्जराची रचना ऐकावयास सोपी आहे. एकच आस. एका टोकास पात्यांचे चक्र, त्यावर जळलेला तप्त वायू येऊन आदळतो व ते फिरवितो. दुसऱ्या टोकास दुसरे चक्र, ते बाहेरची शुद्ध हवा ओढून घेते व दाबून पुढे पाठविते. दोहोंच्या मध्ये भिंत. धूर आणि हवा यांची भेट होत नाही, फक्त आस तेवढा सामाईक. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पुन्हा फुगते, म्हणून सिलिंडरात जाण्यापूर्वी तिला पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन निववावी लागते. मोटारीतील टर्बोचार्जराचे चक्र मुठीत मावेल एवढे असते आणि मिनिटास लाखाहून अधिक फेरे करते. जहाजावरील टर्बोचार्जर त्या मानाने सावकाश, मिनिटास काही हजार फेरे करणारे. पण एकेकाचे वजन कित्येक टन, मोठ्यांचे तर दहा टनांच्या घरात, आणि त्याच्या बाजूस मनुष्य उभा राहिला तर त्याचे डोके झाकले जावे. आम्ही मोठ्या हौसेने त्याकरिता 'रेचकचालित पूरक' असे नाव सुचविले. पुतण्या हसला व म्हणाला, "काका, इंजिनरूममध्ये हे ओरडून सांगावं लागेल, आणि तोवर ते बंद पडलेलं असेल!" तेव्हा टर्बोचार्जर हाच शब्द राहू द्यावा.

ज्या इंजिनांना हे असले श्वास लागतात, ती केवढी असतात? आमच्याच्याने तर ती डोळ्यांपुढे आणवेनात. २००६ साली 'एमा मेर्स्क' या डॅनिश मालवाहू जहाजावर जे इंजिन बसविले गेले, ते चौदा सिलिंडरांचे, सत्तावीस मीटर लांब, साडेतेरा मीटर उंच, आणि सुमारे २३०० टन वजनाचे होते. उंची म्हणजे चार मजली वाडा! एकेका सिलिंडराचा व्यास ९६० मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल अडीच मीटर; दोनशे लिटरांची नऊ पिंपे एका सिलिंडरात रिती करता येतील. शक्ती १,०८,९२० अश्वशक्ती. आमच्या विहिरीवरील इंजिनाच्या मापाने मोजले तर जवळजवळ बावीस हजार इंजिने एका ठिकाणी जुंपल्यासारखे झाले. आणि एवढे असूनही ते मिनिटास अवघे १०२ फेरे करते. धावून दमलेल्या माणसाची नाडी याहून जलद चालते. तरीही त्याचे चौदा दट्ट्ये मिळून एका मिनिटात अडीच हजार घनमीटरांहून अधिक जागा उघडतात. एवढी जागा दाबलेल्या हवेने भरावयाची म्हणजे काय प्रचंड भाता हवा, याचा अंदाज वाचकांनी करावा. डीझेलच्या पहिल्या इंजिनाने शंभरातील सव्वीस भाग कामास आणिले होते. अशी ही मोठी इंजिने निम्म्याच्या आसपास आणितात.

या महाकाय जातीची गोष्ट शेतातल्या इंजिनापेक्षा निराळी आहे. त्यांच्या आवर्तनास चार नव्हे, दोनच भाग. श्वास टाकणे आणि घेणे एकाच क्षणी उरकावे लागते. बाहेरून दाबून आलेल्या हवेने आतला धूर हाकलून लावल्याखेरीज त्यांना श्वासच घेता येत नाही. १९५२ साली 'डोर्थे मेर्स्क' या तेलवाहू जहाजावर अशा द्विघाती इंजिनास प्रथम टर्बोचार्जर जोडला गेला, आणि तेव्हापासून मोठी जहाजे त्याच वाटेने गेली.

या युक्तीत एक उणेपण आहे, आणि ते आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र ते कशाचे हे कळले नसेल. जालना किंवा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) स्थानकावरून मनमाडकडे जाणारी गाडी डिझेलच्या इंजिनाने सुटत असे, तो देखावा आठवावा. भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ जातीचे, सोळा सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे इंजिन. अमेरिकन अल्को कंपनीच्या नमुन्यावर वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून ते बाहेर पडू लागले. चालकाने गती देताच आधी काळ्याभोर धुराचा डोंगर उठे, मग एक बारीक शिटीसारखा आवाज चढत चढत जाई, आणि धूर विरळ होई. ती शिटी टर्बोचार्जराची. चालकाने तेल तर दिले, पण चक्राला वेग यावयास आधी धूर हवा, आणि धूर यावयास आधी चक्राने हवा पाठविली पाहिजे! या दोहोंच्या मधल्या काही क्षणांत इंजिन गुदमरते. आमच्या विहिरीवरील दुखणे आणि रेल्वेच्या इंजिनाचा तो काळा लोट ही एकाच रोगाची लक्षणे होत, हे आम्हांस वयाच्या साठीनंतर कळले.

यावर उपाय निरनिराळे आहेत. प्रचंड द्विघाती इंजिनांना बंदरात सावकाश चालताना विजेचे वेगळे पंखे साहाय्यास ठेवितात. वेग आला की ते आपोआप बंद होतात. दुसरा उपाय युद्धनौकांवर आढळतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'शिवालिक' ही युद्धनौका २९ एप्रिल २०१० रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यावरील डिझेल इंजिने पील्स्टिक या फ्रेंच घराण्याच्या नमुन्याची असून त्यांचे टर्बोचार्जर पाळीपाळीने कामास लागतात. भार थोडा असता सर्व धूर एकाच टर्बोचार्जरावर सोडतात, म्हणजे त्यास पुरेसा वेग येतो. भार वाढला की पडदा उघडून दुसऱ्यासही कामास लावितात. घरची माणसे असता एक चूल पेटवावी आणि पंगत वाढली म्हणजे दुसरी, हे आपल्या घरांत कोणी शिकवावे लागत नाही. याच जातीची इंजिने परवान्याने आपल्याकडे बनविली ती किर्लोस्कर ऑईल इंजिन्सने. २०१४ साली नौदलात आलेल्या 'कामोर्टा' या नौकेवर अशी चार आहेत.

किर्लोस्करांचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करितो, कारण आमच्या मनातली खरी गोष्ट तेथून पुढे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणराव मुंबईस चित्रकला शिकावयास गेले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले, आणि पुढे नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान घालते झाले. वेदान्त्याच्या मुलाने सायकली दुरुस्त कराव्या यावर त्या काळच्या घरांत काय बोलले गेले असेल, याची कल्पना आम्हांस चांगली आहे. त्यांनी पुढे लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९२० साली त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, ज्याच्या पोटी पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' जन्मास आली. म्हणजे नांगर घडविणाऱ्या ज्या भट्टीच्या धुराला आपल्या घरांनी नाक मुरडले, त्याच भट्टीच्या शेजारून आपल्या माजघरात वाचनाची गोडी आली. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स स्थापन झाली, आणि मराठवाड्यातील विहिरींवर 'फट् फट्' ऐकू येऊ लागली ती त्यानंतर.

हे सर्व ठाऊक असूनही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या घरात जे घडले ते सांगितले पाहिजे. पुतण्यास बारावीस उत्तम गुण पडले आणि त्याने जहाजावरच्या इंजिनाचे शिक्षण घेणार असे सांगितले. आमच्या बंधूंना ते पसंत होते. विरोध केला तो आम्ही. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या दर्भ धरिला त्या हातांनी आता काजळी पुसावयाची काय, असे काहीसे आम्ही ओसरीवर चार माणसांत बोलून गेलो. मुलगा खाली मान घालून उभा होता. तो उलट बोलला नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या कामाबद्दल त्याने आमच्यापाशी एक अक्षर काढले नाही. बंधूंना तो दर बंदरातून कळवीत असे. आम्हांस कळे ते त्यांच्याकडून.

तीन वर्षांपूर्वी बंधू गेले. पुतण्या तेव्हा प्रशांत महासागरावर होता. पुढचे बंदर नऊ दिवसांवर होते. अग्नी आम्ही दिला. तो आला तेव्हा तेराव्याची तयारी चालली होती. या दु:खाचा दोष कोणावर ठेवावयाचा नाही; त्या कामाची ती किंमत आहे, आणि ज्या घरातील मुलगा या मार्गास जाऊ पाहतो त्या घराने ती आधी समजून घ्यावी, इतक्याच करिता लिहितो.

यंदाच्या रजेत विहिरीवरचे ते इंजिन नीट झाले, आणि ओसरीवर बसून आम्ही आपण होऊन त्यास प्रथमच विचारिले की, तू तेथे नेमके काय करतोस? तो बराच वेळ बोलत होता. इंजिनरूममध्ये पंचेचाळीस अंशांपर्यंत उष्मा, आणि कानांवर झाकणे घातल्याखेरीज उभे राहता येणार नाही इतका घोष. पावसाळ्यातील अरबी समुद्रात जहाज पुढून खाली झुकले की मागचा पंखा पाण्याबाहेर येतो, भार एकाएकी नाहीसा होतो, यंत्र आपणच तेल तोडते, आणि टर्बोचार्जराने दाबलेली हवा पुढे जाण्यास जागा न मिळून उलटी फिरते. त्यास ते लोक 'सर्ज' म्हणतात. तोफेच्या बारासारखा आवाज होतो. दहा टनांच्या यंत्रास ठसका लागतो. एके रात्री असे लागोपाठ होऊ लागले. हवा निवविण्याच्या नळ्या मळल्या होत्या आणि पात्यांवर काजळी साचली होती. त्याने वेग उतरवावयास सांगितले, पहाटेपर्यंत तेथेच उभा राहिला, आणि समुद्र शांत होताच पाती स्वच्छ केली. "तुटलं असतं तर?" असे आम्ही विचारिले. "तर एवढं मोठं जहाज, काका, वादळात नुसतं ओंडक्यासारखं," एवढेच बोलून तो थांबला.

पाती स्वच्छ कशी करितात, हा प्रश्न मातोश्रींचा. त्या आमच्यामागे दाराशी येऊन बसल्या होत्या. त्याचे उत्तर ऐकून आम्ही थक्क झालो. इंजिन चालू असतानाच, दाबलेल्या हवेबरोबर, अक्रोडाच्या कवचांचा भरड चुरा किंवा तांदळाचे दाणे धुराच्या वाटेत सोडतात! ते पात्यांवर आदळून काजळी खरवडतात आणि जळून धुराड्यावाटे निघून जातात; धातूस ओरखडा पडत नाही. ब्यूखीच्या चक्रास, नाना प्रयोगांच्या अंती, मूठभर तांदूळ साफ ठेवतात हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे रोज अग्नीला तांदूळ घालतोस की रे तू. मग हे तुझ्या काकांना आधी का नाही सांगितलंस?" त्याने उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही.

या धुराची दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. एवढी मोठी इंजिने कित्येक वर्षे तेलाच्या कारखान्यातील तळाचा, डांबरासारखा दाट गाळ जाळीत आली, आणि त्यातील गंधक बंदरकाठच्या वस्तीच्या छातीत जात राहिले. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्यात आली. तरीही जगात जो कार्बन वायू हवेत सोडला जातो, त्यातील शंभरात सुमारे तीन भाग जहाजांचे आहेत. नवी इंजिने नैसर्गिक वायूवर आणि मिथेनॉलवर चालू लागली आहेत. तेल बदलेल, पण जोपर्यंत ज्वलन आहे तोपर्यंत श्वासाची गरज आहे, तेव्हा त्या चक्रांना काम राहील असे पुतण्याचे मत पडले. मातोश्रींना कार्बनाचा हिशेब सांगण्याचे कारण पडले नाही. त्यांच्या डोळ्यांत अजून चुलीच्या धुराची लाली आहे.

रजा संपली तेव्हा त्यांनी त्याच्या पिशवीत तांदळाची एक पुरचुंडी घातली. कंपनी कवचांचा चुरा पोत्यांनी देते, असे त्याने सांगून पाहिले. मग पुरचुंडी कपड्यांच्या मध्ये नीट ठेविली. जालन्याच्या स्थानकावर आम्हीच त्यास पोहोचवावयास गेलो. मनमाडपर्यंतच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी तेथून मुंबईस 'वंदे भारत' सुरू झाली, हे आम्हांस ठाऊक होते; तरी सवयीने आम्ही इंजिनाच्या बाजूस पाहत उभे राहिलो. धूर नाही, शिटी नाही. गाडी सुटली हे खिडकीतला त्याचा हात पुढे सरकू लागला तेव्हाच कळले.